बाबांचा चिनी उन्हाळा

गेल्या महिन्यात चष्म्याचा नंबर तपासायला गेलो होतो. डोळ्यांच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला यंत्रापुढे बसवलं, हनुवटी पट्टीवर टेकवायला लावली, दिवा माझ्या तोंडावर वळवला आणि म्हणाल्या, "काका, आता सरळ बघा." मी जीभ बाहेर काढली. नुसती टोकापुरती नाही, चांगली मुळापासून. बाईंनी दिवा जरा बाजूला सारला. मग अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "जीभ आत घेतली तरी चालेल." मागच्या खुर्चीवर माझी बायको बसली होती, ती लगेच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. तिला हसू आवरेनासं झालं की ती पर्समध्ये शोधते. आता त्या बाईंना कसं सांगणार, की तोंडावर उजेड पडला आणि समोरचं माणूस रोखून बघायला लागलं की जीभ बाहेर काढायची, हे वळण मला माझ्या वडिलांनी लावलंय. आणि याच प्रकारापायी माझं लग्न मोडता मोडता जमलं.

माणसं सोळाव्या-सतराव्या वर्षी मोठी होतात असं म्हणतात. माझं ते काम जरा लांबलं. कॉलेज झालं, पाटबंधारे खात्यात चिकटलो, मिशी आली, तरी घरात मी विनूच होतो आणि माझ्या चहात साखर किती हे आई ठरवायची. त्यामुळे या प्रकरणात मी पंचवीस वर्षांचा असलो, तरी वाचणाऱ्यांनी मला पोरगाच समजावं. यवतमाळच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहायचो: आई, बाबा आणि मी. बाबा हेडक्लार्क. त्यांना आयुष्यात दोन गोष्टींचं प्रेम होतं, एक आईच्या हातचा वडाभात आणि दुसरी वेळेवर पुढे सरकलेली फाइल. मग त्यांची टाच दुखायला लागली आणि तिसरी गोष्ट घरात आली.

एका मंगल कार्यालयात ॲक्युप्रेशरचं शिबिर भरलं होतं, तिथं ते टाचेसाठी गेले. येताना लाकडी रोलर आणि चिनी वैद्यकाचं एक जाडजूड हिंदी पुस्तक घेऊन आले. टाचेचं दुखणं थांबलं, बाबा थांबले नाहीत. त्या पुस्तकात लिहिलं होतं म्हणे, की हृदय हा राजा, फुप्फुस हा प्रधान, यकृत हा सेनापती आणि प्लीहा म्हणजे धान्यकोठार सांभाळणारा अधिकारी. हे वाचल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी विसरलेलो नाही. "पाहा," ते आईला म्हणाले, "चिन्याइले हजारो वर्षांपूर्वी ऑफिस माहीत होतं." शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरलेल्या वाटांनी फिरते, ती अडली की आजार. बाबांनी ते लगेच आपल्या भाषेत घेतलं: फाइल टेबलाटेबलांवरून फिरते तोवर खातं निरोगी, कुठं अडली की सूज. यिन आणि यांग, थंड आणि गरम, दोन्हीचा तोल राखायचा. त्यावर आई म्हणाली, "थंड-गरम तं माह्या मायलेबी समजत होतं. त्यात चीनचं काय हाय?" मग बाबांनी तिला चिन्यांची पाच तत्त्वं सांगितली: लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू, पाणी. आईनं बोटांवर मोजली आणि विचारलं, "आकाश कुठं गेलं?"

"त्यांच्यात आकाश नाही."

"नाही कसं? डोक्यावर काय हाय मंग त्यांच्या?"

बाबांनी पुस्तक चाळून पाहिलं. उत्तर सापडलं नाही, पण श्रद्धाही ढळली नाही.

आणि मग आमचं घर अवयवांच्या घड्याळावर चालायला लागलं. पहाटे फुप्फुसांची वेळ, म्हणून उठून दीर्घ श्वास घ्यायचा. सकाळी सात ते नऊ पोटाची वेळ, म्हणून दिवसातलं मोठं जेवण तेव्हाच उरकायचं. सकाळी आठ वाजता पातोडीचा रस्सा आणि भाकरी खाऊन ऑफिसला गेलेला माणूस अकरापर्यंत टेबलावर डोकं ठेवून झोपतो, हे मी स्वानुभवानं सांगू शकतो. दुपारी हृदयाची वेळ, तेव्हा आनंदी राहायचं. बाबा ऑफिसात त्या वेळेला आनंदी राहायचे, त्यामुळे साहेबांना संशय यायचा. ताटातही रंग आले. काळं मूत्रपिंडासाठी, म्हणून तीळ आणि उडीद. पांढरं फुप्फुसासाठी, म्हणून मुळा. पिवळं प्लीहेसाठी, म्हणून भोपळा. खास चिनी जडीबुटी यवतमाळात मिळेना. जिन्सेंगच्या जागी बाबांनी अश्वगंधा नेमली, चिनी लाल खजुराच्या जागी वाळलेली बोरं. "बदली कर्मचारी," ते म्हणायचे. एक वस्तू मात्र अस्सल मिळाली. जुनी, वाळलेली संत्र्याची साल चिनी लोक औषधात फार मानतात, हे कळल्यावर बाबांना विदर्भात जन्मल्याचं सार्थक वाटलं. हिवाळाभर गच्चीवर साली वाळत होत्या. शेजारच्या घरांतूनही साली यायला लागल्या. आमच्या कपड्यांना, पुस्तकांना, उशांना संत्र्याचा तो कडवट गोड वास लागला होता. आजही कुणी बाजूला संत्रं सोललं की मला आधी बाबा आठवतात, मग संत्रं.

हिवाळ्यापर्यंत हे सगळं सोसण्यासारखं होतं. मग उन्हाळा लागला. यवतमाळचा मे महिना काय असतो ते ज्यानं सोसलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं सोसला नाही त्याला सांगून पटत नाही. बाबांच्या पुस्तकाप्रमाणे गार पाणी म्हणजे पोटातल्या अग्नीवर घातलेली घागर, आणि मानेवर येणारा वारा म्हणजे रोगांचा म्होरक्या. त्यामुळे माठ बंद, कूलर बंद. भर दुपारी आम्ही तिघं पंख्याखाली बसून संत्र्याची साल आणि आलं घालून उकळलेलं पाणी फुंकून फुंकून प्यायचो. आई कपाळाचा घाम पुसत म्हणायची, "चीनमध्ये यवतमाळचा उन्हाळा असते काय हो?" तिनं दुसरा एक माठ मागच्या पडवीत गव्हाच्या कोठीआड ठेवला होता, हे बाबा सोडून सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना म्हणजे मला आणि तिला.

सकाळी दात घासायच्या आधी जीभ दाखवायची, मोरीच्या खिडकीपाशी, खऱ्या उजेडात. जिभेचं टोक म्हणजे हृदय, कडा म्हणजे यकृत, मधला भाग पोट, मूळ म्हणजे मूत्रपिंड. "टोक लाल आहे," बाबा म्हणायचे, "रात्री कशाचा विचार करून राह्यला होतास?" पंचविसाव्या वर्षी रात्री कशाचा विचार चालतो हे वडिलांना जिभेवरून कळावं, ही काही सुखाची गोष्ट नव्हती. पण एक सांगतो. माझ्या वयाच्या किती मुलांच्या वडिलांनी रोज सकाळी त्यांच्याकडे इतकं निरखून पाहिलं असेल? तेव्हा वैताग यायचा. आता माझा मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉल करतो, तेव्हा मीही त्याचा चेहरा स्क्रीनवर निरखत बसतो आणि तो म्हणतो, "बाबा, काय बघताय?"

त्याच उन्हाळ्यात आईच्या मावसभावानं, महादेवमामांनी, फुलसावंगीचं स्थळ आणलं. मुलीचं नाव वंदना. वडील गुलाबराव, कापूस-तुरीचं भरपूर वावर, माणूस मानी. पेरण्यांच्या आत मुलगी पाहून घ्यावी असं ठरलं, आणि आम्ही एस.टी.नं आर्णी, महागाव करत दुपारी फुलसावंगीला पोचलो. ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. वंदनानं पोहे आणले, मग चहा आणला. ती ओठ फारसे न उघडता बोलत होती आणि पदर सारखा तोंडाशी नेत होती. मला ती लाज वाटली, आणि फार आवडली. मुलीला जे विचारायचं असतं ते मामांनी विचारलं: शिक्षण, स्वयंपाक, शिवण. मग बाबा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बेटा, झोप कशी लागते?"

वंदनानं वडिलांकडे पाहिलं. "चांगली लागते जी."

"पाय थंड पडतात काय?"

"उन्हाळ्यात कोनाचे पडतात जी?"

मला हसू आलं. बाबांना नाही आलं. "उगाच भीती वाटते कधी?"

यावर तिनं पदर पुन्हा तोंडाशी नेला. "कधी कधी."

पुस्तकाप्रमाणे भीती मूत्रपिंडात राहते; बाबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, जणू ते मूत्रपिंड सापडलं. "जीभ दाखव बरं."

"जीभ?" गुलाबराव म्हणाले. "जीभ कायले जी?"

"हृदयाचं दार असते ते."

पाहुण्यांना नाही म्हणायची पद्धत नाही. वंदना आढ्याकडे बघत राहिली, मग तिनं जीभ बाहेर काढली. ती जांभळी होती. टोकापासून मुळापर्यंत गर्द जांभळी. बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. पुस्तकात जांभळ्या जिभेवर आख्खं प्रकरण होतं. त्यांचा आवाज खाली आला. "गुलाबराव, घाबरू नका. पण पोरीच्या हृदयाकडं रक्त अडून राह्यलं."

दाराआड वंदनाच्या आईच्या हातातलं भांडं पडलं. माझी आई उठली, वंदनाजवळ गेली, जीभ पाहिली, मग तिच्या बोटांची टोकं पाहिली. वंदनानं आईकडे बघून अगदी बारीक मान हलवली, नाही म्हणून. आईला तेव्हाच सगळं कळलं होतं, हे मला मागाहून समजलं. ती एवढंच म्हणाली, "चला, बस निघून जाईन." निघताना बाबांनी पिशवीतून साली आणि तिळाचा पुडा काढून गुलाबरावांच्या हातात दिला. "रोज सकाळी, गरम पाण्यात." गुलाबरावांनी तो पुडा असा धरला होता, की जणू कुणी त्यांच्या हातात जिवंत विंचू ठेवलाय.

परतीची बस महागावला लागली. मग बाबा म्हणाले, "आपण हो म्हणू."

"तुम्ही सून पाहून राह्यले का पेशंट?" आई म्हणाली.

"पेशंटले काय घर लागत नाही?"

आई खिडकीबाहेर बघायला लागली. ती इतक्या लवकर गप्प कशी झाली याचं मला नवल वाटलं. बाबा माझ्याकडे वळले. "विनू, तुझं काय? आजारी हाय पोरगी. आत्ताच सांग." मी हो म्हणालो. इतक्या घाईनं म्हणालो, की पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. मला कुठलाही त्याग वगैरे करायचा नव्हता. उन्हाळ्यात कोनाचे पाय थंड पडतात जी, एवढंच माझ्या कानात वाजत होतं. बाबांनी माझे लाल झालेले कान पाहिले आणि कानांचा मूत्रपिंडाशी काय संबंध आहे ते आर्णीपर्यंत समजावून सांगितलं.

पुढची चूक त्यांनी अतिशय चांगल्या मनानं केली. दुसऱ्या दिवशी आईला न विचारता ते मला घेऊन एस.टी.डी. बूथवर गेले. फुलसावंगीत त्या गल्लीला फोन एकच, किराणा दुकानात. दुकानदारानं फोन उचलला. गुलाबराव बाहेर बाकड्यावर बसले होते, पण लाइन खराब होती, म्हणून दुकानदार इकडचं एकेक वाक्य ऐकून तिकडे ओरडून सांगायला लागला. बाबा इकडे ओरडायचे, आणि तेच वाक्य तारेतून दुकानदाराच्या आवाजात आम्हाला परत ऐकू यायचं.

"सांगा त्याइले, आमचा होकार आहे."

"म्हणून राह्यले, होकार हाय जी."

"पोरीच्या हृदयाकडं रक्त अडलं, तरी होकार आहे."

"पोरीच्या हृदयात रक्त अडलं म्हणते. तरी बी हो म्हणून राह्यले."

"इलाज आम्ही करू. काळजी करू नका."

"इलाज तेच करतीन म्हणते जी."

मग खरखर झाली आणि गुलाबरावांचा आवाज आला, अगदी शांत. "साहेब, माही पोरगी आजारी नाही." आणि फोन बंद झाला. बाबांनी रिसीव्हर खाली ठेवला. "धक्का बसला असन त्याइले," ते म्हणाले.

दुकानात संध्याकाळच्या वेळेला किती माणसं असतात, हे ज्यांना खेडं माहीत आहे त्यांना कळेल. महादेवमामा दोन-तीन दिवसांनी आले ते तोंड पाडून. गावात बाया वंदनाला भेटायला येत होत्या. कुणी म्हणत होतं, पाण्यानं भरलेली गुंडी उचलू नको बाई. दुसऱ्या एका स्थळाकडचे लोक येणार होते, त्यांनी निरोप धाडला की सध्या जमत नाही. "ताई," मामा आईला म्हणाले, "त्या पोरीचं आता कुठंच जमायचं नाही. भाऊजींनी चांगलं करतो म्हणून घोळ करून ठेवला." बाबा आतून ऐकत होते. ती सकाळची वेळ होती, पोटाची, पण त्यांनी ताट सरकवलं. "खरं सांगितलं ते चुकलं काय?" ते म्हणाले. ते कुणाला विचारत होते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदाच त्यांनी माझी जीभ पाहिली नाही.

आठवडा गेला असेल. मृग तोंडावर आला होता, आभाळ भरून यायचं आणि नुसतं उकडून जायचं. एका दुपारी दाराशी ऑटो थांबला. गुलाबराव उतरले, मागे वंदना. गुलाबरावांनी चपला काढल्या, आत आले आणि हातातली कागदाची लांब पट्टी बाबांच्या पुढ्यात ठेवली. "हृदयाच्या डॉक्टरकडून आलो. मशीन लावून पाह्यलं. म्हणते, पोरीचं हृदय नव्या मोटारीसारखं हाय." बाबांनी पट्टी पाहिली, उलटी, मग सुलटी. मग पाहुणचार आठवून त्यांनी सालीच्या कोमट पाण्याचा पेला पुढे केला. गुलाबराव घामानं भिजले होते. "ते राहू द्या," ते म्हणाले.

"बेटा," बाबा वंदनाला म्हणाले, "एकडाव जीभ दाखव."

गुलाबरावांच्या मानेची शीर उभी राहिली, पण ते बोलायच्या आत वंदना खिडकीपाशी गेली आणि तिनं जीभ दाखवली. गुलाबी. लहान मुलासारखी स्वच्छ. आणि माझे वडील, देव त्यांचं भलं करो, आनंदानं उजळले. "पाह्यलं? सालीचं पाणी! एका हप्त्यात रक्त मोकळं झालं."

"साहेब," गुलाबराव दातओठ खात म्हणाले, "तो पुडा मी बैलापुढं टाकला. बैलानं बी नाही खाल्ला."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांना अपमान वाटला नव्हता, ते खरोखर गोंधळले होते. "मंग मोकळं झालं कसं?" ते स्वतःशीच म्हणाले. "अडलेलं तं म्या पाह्यलं होतं."

"काका," वंदना म्हणाली, "मी जांभळं खाल्ली होती."

मी आईकडे पाहिलं. पोरीच्या त्या खुणेखातर इतके दिवस तोंड न उघडलेली आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं, आता सगळे हसतील आणि संपेल. पण गुलाबराव हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "जांभळं? आपल्याकडं कुठं हायेत जांभळं?"

"धुऱ्यावरची."

धुरा म्हणजे शेताचा बांध. त्या झाडाची गोष्ट मला तिथंच, त्या दोघांच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं कळली. गुलाबरावांच्या आणि त्यांच्या चुलतभावाच्या, दादारावांच्या वावरामधल्या धुऱ्यावर जुनं जांभूळ होतं. सरकारी मोजणी झाली आणि झाड दादारावांच्या बाजूला गेलं. त्या दिवशी गुलाबरावांनी शपथ घातली होती, की आपल्या घरातलं कुणी त्या झाडाचं फळ तोंडात घालणार नाही. दोघा भावांचं बोलणं तेव्हापासून बंद. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी वंदना वावरात गेली आणि पदरात जांभळं घेऊन आली. ओसरीवर जांभळांचं सांगितलं असतं तर बापाची शपथ मोडल्याचं पाहुण्यांसमोर सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा आजारी ठरलेलं बरं, असं तिला वाटलं असणार. मी तरी इतकी वर्षं असंच समजत होतो.

"माही शपथ होती," गुलाबराव म्हणाले. ते खुर्चीवरून उठले.

"बाबा, माह्या जन्माच्या आधीपासून ते झाड आपलं होतं. मोजणीवाल्यानं टेप लावला म्हणून मले त्याची चव कडू नाही लागत."

तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र हलला नव्हता. गुलाबराव एक पाऊल पुढे आले. मी उभा होतो तिथंच उभा राहिलो, माझ्याकडून तेवढंच होत होतं. मधे गेले ते बाबा. "थांबा, गुलाबराव. पोरीले काही म्हणू नका. पुस्तकात पह्यलाच नियम आहे, जीभ पाह्यच्या आधी काय खाल्लं ते विचारावं. म्या झोप इचारली, पाय इचारले, भीती इचारली. तेवढंच राह्यलं." आणि मग हेडक्लार्कच्या तोंडून यावं तसं आलं, "सोबतचे कागद न पाहता शेरा मारला म्या. शेरा माझा आहे. सही माझी आहे."

तेवढ्यात आई मागच्या पडवीतून आली. तिच्या हातात तांब्या होता, आणि तांब्याला बाहेरून दव धरलं होतं. कोठीआडचा माठ भरदिवसा, बाबांच्या डोळ्यांदेखत बाहेर आला होता. तिनं तांब्या गुलाबरावांपुढे धरला. त्यांनी उभ्यानंच वरून धार धरली आणि तो रिकामा केला. बाबांनी ते पाहिलं आणि सालीच्या पाण्याचा पेला बाजूला सरकवला. गुलाबराव खाली बसले. त्यांचं यकृत, म्हणजे बाबांच्या भाषेत रागाचं घर, जरा निवलं होतं. "साहेब," ते म्हणाले, "हे इथं मले सांगून काय फायदा? गाव तिकडं हाय."

"उद्या येतो," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. फुलसावंगीच्या त्या किराणा दुकानासमोर बाकड्यावर, पोत्यांवर, पायरीवर माणसं बसली होती. गुलाबराव एका टोकाला, दादाराव दुसऱ्या टोकाला. बाबा इस्त्रीचा सदरा घालून मधे उभे राहिले. बसमध्ये ते भाषण पाठ करत आले होते. "मी याद्वारे आपणा सर्वांस कळवू इच्छितो," त्यांनी सुरुवात केली, "की गुलाबरावांच्या कन्येच्या प्रकृतीबाबत मी जे सांगितले ते चुकीचे होते. मुलगी पूर्णपणे निरोगी आहे." लोकांनी माना हलवल्या. संपलं असतं. पण दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, "पण साहेब, जीभ जांभळी होती म्हणत होते ना तुमी? मंग ते कशानं?"

दादाराव मान वर करून ऐकत होते. जांभळांचं नाव निघालं असतं तर झाडाचं निघालं असतं, आणि गुलाबरावांची शपथ त्यांच्याच घरात मोडली हे दादारावांना कळलं असतं. गुलाबराव जमिनीकडे बघत होते. मी बाबांकडे पाहिलं. ते खोटं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते हेडक्लार्क होते आणि तरी खोटं बोलत नसत, ही आमच्या घरची मोठी अडचण होती.

"मले रंग ओळखू येत नाही," बाबा म्हणाले. "जन्मापासूनच. घरच्यांनाबी सांगितलं नव्हतं. लाज वाटे."

"कायची गोठ करता साहेब?" दुकानदार म्हणाला. त्यानं मागच्या फळीवरून तिखटाचा लालभडक पुडा काढून वर धरला. "हा कोणता सांगा बरं?"

बाबांनी पुड्याकडे नीट पाहिलं. रोज सकाळी माझ्या जिभेवर गुलाबी, फिकट गुलाबी आणि लालसर गुलाबी असा फरक करणारा माणूस होता तो. "हिरवा," ते म्हणाले.

माणसं हसली. कुणीतरी पिवळा साबण वर धरला, बाबा म्हणाले निळा. कुणी आपला पांढरा दुपट्टा दाखवला. पोरं जमली. म्हातारे पोट धरून हसत होते. दादारावही हसले, आणि हसता हसता त्यांनी गुलाबरावांकडे पाहिलं, म्हणजे सवयीनं, भावाकडे पाहावं तसं. "अन् हा माणूस जीभ पाहून राह्यला होता आपल्या पोरीची," ते म्हणाले. बाबा मधे उभे राहून खाली मान घालून एकेक रंग चुकवत होते. सगळ्या गावात फक्त तीन माणसं हसत नव्हती: मी, गुलाबराव आणि बाबा.

गुलाबराव बसस्टँडपर्यंत आमच्याबरोबर चालत आले. बस आली तेव्हा त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. "सोयरीक माह्याकडून पक्की," ते म्हणाले. बाबा बसमध्ये बसल्यावर खिडकीतून बाहेर बघत होते. आर्णी यायच्या आधी मला म्हणाले, "पिवळ्याले निळं म्हणताना लय जड गेलं रे."

तुळशीच्या लग्नानंतर आमचं लग्न झालं. बाबांनी पुस्तक टाकलं नाही, पण घराबाहेर कुणाची जीभ पुन्हा पाहिली नाही. कूलर सुरू झाला, माठ स्वयंपाकघरात परत आला. वंदना आजारी पडली की ते आधी डॉक्टरकडे न्यायचे आणि येताना रस्त्यात हळूच म्हणायचे, "घरी गेल्यावर थोडं सालीचं पाणी घेशीन." ती घ्यायची. ते गेल्यावरही हिवाळ्यात गच्चीवर साली वाळत घालायची ती. हल्ली मोबाइलवर रोज कुणी ना कुणी यकृत साफ करायचं, मूत्रपिंड धुऊन काढायचं काहीतरी विकत असतं, तेव्हा मला वाटतं, यांच्यातल्या एकालाही गावासमोर लाल पुड्याला हिरवा म्हणता येईल का.

हे सगळं लिहून झाल्यावर मी वंदनाला वाचून दाखवलं. ती दिवाणावर बसून धुतलेले कपडे घडी करत होती. झाडाच्या भीतीनं तू गप्प राहिलीस, ते बरोबर लिहिलंय ना, असं मी विचारलं.

"पह्यल्या दिवशी झाडाचीच भीती होती," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सांगाचं म्हणून मी बाबाच्या मागं दुकानात गेलती. तेवढ्यात तुमचा फोन आला. तो दुकानदार वरडून वरडून सांगत होता अन् मी दाराशी उभी राहून ऐकत होती. म्हटलं, राहू दे, चार दिवस आजारीच राहू."

"काहून?" मी विचारलं.

तिनं माझ्या सदऱ्याची बाही सरळ केली आणि घडी घातली. "तुमच्या आधी दोन जाग्यावरून नकार आलता मले. तवा मी धडधाकट होती."